पोलीस हार्लेचा रेडिओ: झेनिया, डेव्हनपोर्ट की ईबे?

1950-60 च्या दशकांतली अमेरिकन पोलीस हार्ले-डेव्हिडसन मोटरसायकल पुन्हा मूळ रूपात उभी करणाऱ्याला सायरन मिळतो, लाल दिवे मिळतात, रेडिओ मात्र मिळत नाही. गाडी लिलावात काढताना शहराचा रेडिओ विभाग आपला संच उतरवून घेई आणि पुढच्या गाडीवर चढवी. मागे राहत ती मागच्या मडगार्डवरची भोके. बॉडीवाला ती भोके उत्साहाने बुजवून टाकतो. त्याआधी त्यांच्यातली अंतरे मोजून फोटो काढून ठेवा, कारण तुमच्या गाडीवर रेडिओ धरणारा कोणता ब्रॅकेट होता याचा तेवढाच पुरावा उरलेला असतो. दुसरा पुरावा म्हणजे त्या पोलीस खात्याचे त्या वर्षांतले फोटो. एकाच सालची इलेक्ट्रा ग्लाइड (हार्लेचे एक मॉडेल) एका शहरात मोटोरोला घेऊन फिरे, तर दुसऱ्यात जनरल इलेक्ट्रिक. ‘हार्लेचा रेडिओ’ असा एकच संच नाही.

शोधायला मुख्य ठिकाणे तीन.

पहिले हॅमव्हेन्शन. डेटनच्या हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणजे ‘हॅम’ मंडळींचा, हा मेळावा 1952 पासून भरतो. 2017 पासून तो ओहायोतल्या झेनियाला, ग्रीन काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर असतो. मे महिन्यात, तीन दिवस. आतल्या दालनांत नवा माल असतो, आपले काम बाहेरच्या जुन्या बाजारात. व्हायब्रेटर (बॅटरीचा प्रवाह सतत तोडून ट्रान्सफॉर्मरला देणारा भाग), ट्यूब, लहर ठरवणारे क्रिस्टल, गुंडाळी वायरचे माइक यांसाठी याला तोड नाही. झाकण उघडून बघू देतात आणि विकणाऱ्याला आपण काय विकतोय हे माहीत असते. उणीव एकच, पण मोठी. पोलिसांनी टाकून दिलेले संच हॅम मंडळींनी आपल्या 50 किंवा 144 मेगाहर्ट्झच्या लहरींवर आणण्यासाठी कापाकापी करून बदललेले असतात. कॉइलचे वेढे कमी केलेले, पुढच्या पट्टीत नवे भोक पाडून स्विच बसवलेला, असा माल दिसला की प्रदर्शनाच्या गाडीसाठी तो बाद. ब्रॅकेट इथे जवळपास मिळत नाहीत, हॅमला त्यांचा उपयोगच नसतो.

डेव्हनपोर्टचे उलटे. आयोवातला अँटिक मोटरसायकल क्लबचा हा मेळावा लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या, सुमारास असतो. मडगार्डवरचा ब्रॅकेट, हँडलबारचा स्पीकर, अँटेनाचा पाया हे शोधायचे तर इथेच. पण रेडिओचे ज्ञान बेताचे. कुठल्याही लोखंडी पेटीला ‘पोलीस रेडिओ’ म्हणतात आणि पेटी आतून रिकामी निघते. रिकामी असली तरी ब्रॅकेट जुळत असेल तर घ्यावी, आतला संच नंतर भरता येतो.

ईबेवर कंट्रोल हेड, म्हणजे चालकाच्या हाताशी असलेली बटणांची पेटी, चांगले मिळतात. चीड येते ती एका सवयीची: एकच पूर्ण संच आला की विक्रेता हेड, केबल आणि पेटी वेगवेगळी करून विकतो. जोडाक्षरासारखी ही गोष्ट तुटली की अर्थ राहत नाही, कारण मल्टीपिन प्लगसह असलेली मूळ केबल स्वतंत्र शोधणे हे सगळ्यात कठीण काम. प्लगच्या पिना, मॉडेल नंबरची पट्टी आणि पेटीचा तळ यांचे फोटो मागितल्याशिवाय बोली लावू नये.

म्हणून खरेदीचा क्रम असा ठेवा: आधी ब्रॅकेट, मग केबलसकट कंट्रोल हेड, मग स्पीकर, आणि संच शेवटी. बहुतेक लोक उलट करतात. कारच्या डिकीतला संच स्वस्तात मिळतो, पण त्याची पेटी मोठी असते आणि ती पावसासाठी बनवलेली नसते. मोटरसायकलवर ती बसवली की जाणकाराला लांबूनच कळते.

मोटोरोलाचा मॉडेल नंबर वाचता यायला हवा. सुरुवातीच्या अक्षरानंतर दोन आकडे येतात. त्यांतला दुसरा 1 असेल तर लो बँड, म्हणजे कमी मेगाहर्ट्झचा संच, 3 असेल तर 150 मेगाहर्ट्झच्या आसपासचा, 4 असेल तर 450 च्या आसपासचा. अँटेना याच्याशी जुळली पाहिजे. पाव तरंगलांबीचा हिशेब सोपा आहे: 71 ला मेगाहर्ट्झने भागले की अँटेनाची लांबी मीटरमध्ये येते. 39 ला सुमारे 1.8 मीटर, 155 ला 46 सेंटिमीटर. लो बँडच्या संचावर हातभर अँटेना लावलेल्या ‘पूर्ण अस्सल’ गाड्या पुष्कळ दिसतात.

व्होल्टेजही बघा. 1964 पर्यंतची ड्युओ ग्लाइड 6 व्होल्टची, 1965 ची इलेक्ट्रा ग्लाइड 12 ची. मोटोरोलाचे ‘ट्विन-व्ही’ संच दोन्हींवर चालतात, फक्त जोडणी बदलावी लागते. 60 वॅट खेचणारा संच 6 व्होल्टवर 10 अँपिअर घेतो. साध्या जनरेटरला तेवढे पुरवणे जमत नाही आणि बॅटरी उतरते. रेडिओच्या गाड्यांना म्हणूनच दोन ब्रशचा, वेगळ्या रेग्युलेटरचा जनरेटर असे. तो नसेल तर गाडी उभी असताना संच लावू नका.

ट्यूबचा संच सापडल्या सापडल्या बॅटरीला जोडू नये. आधी व्हायब्रेटरच्या सर्किटमधला बफर कपॅसिटर बदला: जितक्या मायक्रोफॅरडचा तितक्याचाच, 1600 व्होल्टचा. मूल्य चुकले तर व्हायब्रेटरचे पॉइंट जळतात. मग मेणकागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. व्होल्टेज हळूहळू वाढवण्याची घरच्या रेडिओची रीत इथे चालत नाही. कमी व्होल्टेजवर व्हायब्रेटर अडकतो, ट्रान्सफॉर्मर जास्त करंट खेचतो. म्हणून योग्य फ्यूज लावून पूर्ण व्होल्टेज द्या. व्हायब्रेटरची गुणगुण ऐकू आली नाही तर लगेच बंद करा. बहुधा पॉइंटवर ऑक्साइड बसलेला असतो, डबा उघडून बारीक पॉलिश पेपरने साफ होतो. पेटीखालचे रबर दगड झालेले असते, तेही बदला, नाहीतर इंजिनच्या थरथरीने ट्यूबचे सॉकेट ढिले पडतात. मॅन्युअल रिपीटर-बिल्डर या संकेतस्थळावर शोधा. मोटोरोलाबद्दल तिथे भरपूर आहे.

प्रक्षेपणाचे क्रिस्टल काढूनच ठेवावेत. पोलिसांच्या लहरीवर बोलणे अमेरिकेतही गुन्हाच. पुण्या-कोल्हापूरकडे संच मागवायचा असेल तर ट्रान्समीटर मागवण्याआधीच परवानगीचे पाहा: 2023 च्या दूरसंचार कायद्यात नुसते रेडिओ उपकरण बाळगायलाही अधिकृत परवानगी लागते. ब्रॅकेट, स्पीकर, माइक आणि रिकामी पेटी एवढ्यावर गाडी फोटोपुरती पूर्ण दिसते. ट्यूब असतील तर त्या सॉकेटमधून काढून, वेगळ्या फोममध्ये बांधून पाठवायला सांगा.