व्हायोलिनच्या गजाचे केस घरी बदलण्याचा संच: केस ठेवा, पाचरी टाकून द्या

ऑनलाइन मिळणाऱ्या या बिननावाच्या संचात केसांची एक जुडी, केसांच्या गाठी गजाच्या खाचांत अडकवून धरणाऱ्या लाकडाच्या तीन तयार पाचरी, दोऱ्याचं रीळ आणि बारीक फणी असते. जुडी पैसे वसूल करते. बाकीचं सामान मात्र चांगल्या गजाच्या जिवावर उठणारं आहे.

केस घोड्याच्या शेपटीचे, किंचित पिवळसर. हा रंग चांगला. पांढरेशुभ्र दिसणारे केस बहुतेकदा ब्लीच केलेले असतात आणि लवकर तुटतात. व्हायोलिनला 150 ते 200 केस लागतात, तेवढे जुडीत भरतात. बांधण्याआधी वाकडे आणि टोकाला बारीक झालेले दहा-पंधरा केस काढून टाका. एक वाकडा राहिला तरी शेजारचे त्यावर चढतात आणि केसांची पट्टी सपाट बसत नाही.

दोरा नायलॉनचा, ही ढोबळ चूक. गाठ मारल्यावर केसांची टोकं राळेच्या भुकटीत बुडवून ज्योतीजवळ धरायची असतात. टोकं फुगून बोंड होतं, म्हणून गाठ घसरत नाही. नायलॉन त्याच आचेत वितळतो. मेण लावलेला बारीक सुती दोरा घ्या, सहा-सात घट्ट वेढे पुरतात. गाठ जाड झाली तर खाचेत मावत नाही.

पाचरींनी खरी निराशा केली. टोकाची आणि फ्रॉगमधली (हाताकडचा, स्क्रूने मागेपुढे सरकणारा ठोकळा) खाच प्रत्येक गजात वेगळ्या मापाची असते, त्यामुळे तयार पाचर नेमकी बसणं हा योगायोग. सैल बसली तर ताण देताच निसटते. ठोकून बसवली तर टोकाची हाडाची पट्टी तडकते, प्रसंगी गजाचं डोकंच चिरतं. माहितीपत्रकात यावर उपाय म्हणून गोंद सुचवलाय! तसं मुळीच करू नका, पुढच्या वेळी ती पाचर पोखरून काढावी लागेल. मऊ लाकडाची पाचर थोडी थोडी तासत, खाचेत घालून बघत स्वतः घडवावी. तिसरी पाचर फेरूलखाली, म्हणजे फ्रॉगच्या तोंडावरच्या धातूच्या कड्याखाली, केस पसरवून धरते. ती जाड झाली तर फ्रॉगची जीभ (कड्यात शिरणारा पातळ भाग) मोडते, अरुंद राहिली तर केस एका कडेला गोळा होतात.

लांबीबद्दल पत्रकात एक ओळही नाही, आणि बहुतेकांचं काम बिघडतं ते इथेच. केस आखूड बांधले तर स्क्रू पूर्ण सोडूनही काठीवरचा ताण जात नाही आणि तिचा बाक हळूहळू मरतो. लांब झाले तर फ्रॉग मागे सरकतो, तोल बिघडतो, स्क्रूचे आटे संपतात. केस दमट हवेत लांबतात, कोरड्या हवेत आखडतात. जुलैत मुंबईत बांधलेला गज डिसेंबरात पुण्यात ताठ होणारच, म्हणून पावसाळ्यात दोन-तीन मिलिमीटर सैल ठेवा. विंचरताना ओले केलेले केस पूर्ण वाळल्याशिवाय ताण देऊ नका.

पर्नांबुकोच्या (ब्राझीलच्या महागड्या लाकडाच्या) गजाला हा संच लावू नये, तो कारागिराकडेच द्यावा. सरावाच्या स्वस्त गजासाठी घेणार असाल तर आधी फ्रॉग उघडून पाहा: पाचरी कारखान्यातच गोंदाने चिकटवलेल्या असतील तर हा संच मागवू नका.