डीसीआर सोलर पॅनल: मानेवाड्याच्या छतावरून

केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून छतावर ३ किलोवॅटची सोलर सिस्टीम बसवली. बसवणारे नागपूरचेच, पण तक्रारही लिहायची आहे म्हणून नाव देत नाही.

७८,००० रुपयांची सबसिडी हवी तर पॅनल डीसीआरच लागतं, म्हणजे सेल (ऊन पडलं की वीज बनवणारे छोटे तुकडे) आणि मॉड्यूल (ते जोडून बनलेलं अख्खं पॅनल) दोन्ही भारतात बनलेले. नॉन-डीसीआर स्वस्त पडतं. आधी आलेला एजंट "सगळं एकच असते काकू" म्हणत तेच गळ्यात मारत होता. ह्या दुकानदारानं मात्र पॅनल उलटं करून मागचं लेबल वाचायला लावलं, प्रत्येकाच्या सिरियल नंबरचा फोटो काढून दिला. वर म्हणाला, "सेल इथलेच आहेत काकू, पण ज्या वेफरवर बनते, तो चीनचा. खोटं काहून सांगू?"

माणूस तिथंच पटला. वेफर म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती, तिच्यावरच सेल बनतो. जगातले ९५ टक्क्यांहून जास्त वेफर चीनमध्येच बनतात. आपण २०२२ साली बाहेरच्या मॉड्यूलवर ४० आणि सेलवर २५ टक्के ड्यूटी लावली. मॉड्यूलचे कारखाने धडाधड उभे राहिले, सेलचे त्या मानानं कमी, म्हणून तर डीसीआर महाग. अमेरिकेचं वेगळं काही नाही. त्यांनी २०१२ मध्ये चिनी सेलवर ड्यूटी लावली, तर चिनी कंपन्या व्हिएतनाम, मलेशिया, थायलंड, कंबोडियात जाऊन बसल्या. २०२५ मध्ये त्या चारही देशांच्या मालावर अमेरिकेची ड्यूटी आली. भांडण दोघांचं, कोटेशन आमचं वाढते!

काम चांगलं आहे. स्ट्रक्चर, म्हणजे पॅनलखालचा लोखंडी सांगाडा, उंच घेतलं, त्यामुळे खाली कुरडया वाळतात आणि टाकी धुवायला वाकावं लागत नाही. महावितरणचं नेट मीटरही (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारं) विनाकटकट लागलं. एक गोष्ट मात्र कोणी आधी सांगत नाही: उन्हाचा ताप जास्त म्हणजे वीज जास्त, असं नसतं. पॅनल तापलं की उत्पादन घटते, त्यामुळे आपल्या ४५ डिग्रीच्या मे महिन्यावर फार आशा ठेवू नका. धूळ पुसायची ती सकाळीच; दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

आता तक्रार. डीसीआर पॅनलपुरतंच, इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा) चिनी आहे. विजेचे आकडे मोबाइलच्या ॲपवर पाठवणारी त्याची वायफायची कांडी पावसाळ्यात गेली. फोन केला की "माल येऊन राहिला" एवढंच उत्तर. ॲप बंद, आकडे जिन्यात जाऊन वहीत उतरवते. स्ट्रक्चरचे दोन बोल्टही गंजले, ते मात्र दुकानातला पोरगा येऊन बदलून गेला.

पाचपैकी साडेतीन. कांडी आली तर चार करीन.