ओपनटेलिमेट्रीचा जावा एजंट: डॅशबोर्डच्या आधी लॉग पाहा

हिंगणघाटच्या पुढं आमचं गाव, तिथूनच मी एका जिनिंगच्या काट्याचं सॉफ्टवेअर सांभाळतो, वजन, पावती, शेतकऱ्याच्या खात्यात नोंद, सगळं जावात. मागच्या सीझनला पावती निघायला वेळ लागून राहिला होता अन् बाहेर कापसाच्या गाड्या रोडपर्यंत, म्हणून हा एजंट लावला, म्हणजे चालू प्रोग्रॅममधल्या कोणत्या कामाला किती वेळ लागला ते नोंदवणारा जोडप्रोग्रॅम. फुकट आहे, ओपनटेलिमेट्री म्हणजे २०१९ मध्ये ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस हे दोन जुने प्रोजेक्ट एकत्र करून सुरू झालेला प्रोजेक्ट. कोडला हात लावायचं काम नाही, जावा सुरू करताना जार फाईल जोडली की झालं.

पण लागला का नाही हे कसं समजणार? ह्या नोंदी दाखवणारा डॅशबोर्ड क्लाऊडवर, अन् आमच्याकडं लाईन गेली की नेटही जाते. मग ट्रेस एक्स्पोर्टर (ह्या नोंदी बाहेर पाठवणारा भाग) कन्सोलवर, म्हणजे इथल्याच टर्मिनलवर टाकला, मेट्रिक्स (नुसती आकडेवारी) बंद केले अन् एक पावती फाडली. टर्मिनलवर लगेच दोन ओळी! आधी डेटाबेसच्या इन्सर्टची, मग पावतीच्या पूर्ण रिक्वेस्टची, कारण आतलं काम आधी संपते. दोन्हीवर एकच ३२ अक्षरी ट्रेस आयडी, म्हणजे दोन्ही कामं एकाच पावतीची. लय बरं वाटलं.

पावतीच्या एसएमएसच्या ओळीवर मात्र आयडी वेगळाच होता. तो एसएमएस मी स्वतः लिहिलेल्या रांगेतून दुसऱ्या थ्रेडवर (बाजूला चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर) जातो, तिथं एजंटला कॉन्टेक्स्ट, म्हणजे हे काम कोणत्या ट्रेसचं ती माहिती, सापडत नव्हता, तो हातानं पोचवावा लागला. डॅशबोर्डवर पाहत बसलो असतो तर हे महिनाभर समजलं नसतं.

नाराजी एकच, या कन्सोलच्या ओळीत वेळच छापत नाही! नाव, आयडी, ॲट्रिब्यूट (कामाची बाकी माहिती) सगळं आहे, पण किती वेळ लागला ते नाही, अन् आपण तर त्यासाठीच बसलेलो असतो. त्यासाठी ओटीएलपी (ओपनटेलिमेट्रीचा स्वतःचा फॉरमॅट) जेसनवाला लॉगिंग एक्स्पोर्टर घ्या, त्यात सुरुवात अन् शेवट नॅनोसेकंदात येतात, वजाबाकी केली की झालं. माझ्याकडं शेतकऱ्याचं नाव शोधणारी क्वेरीच वेळ खात होती, डेटाबेसमध्ये नावाचा इंडेक्स (लवकर शोधायची सूची) टाकला अन् पावती झटकन निघायला लागली.

आता प्रत्येक बिल्डला (सॉफ्टवेअर नव्यानं तयार करताना) एक टेस्ट लॉगमध्ये ह्या ओळी शोधते. एजंटच्या २.० व्हर्जनवर जाताना ती फेल झाली, कारण एचटीटीपी ॲट्रिब्यूटची नावं बदलली; शिवाय डेटा पाठवायचा डिफॉल्ट पोर्टही ४३१७ चा ४३१८ झाला. टेस्ट होती म्हणून त्याच दिवशी समजलं.

पाचपैकी साडेचार स्टार. फक्त काट्यावरच्या मशीनवर कन्सोल चालू सोडू नका, सीझनमध्ये लॉग फाईल डिस्क भरून टाकते.