मांजरपाटाची थैली: आठ महिने वापरून झाल्यावर

नोव्हेंबरमध्ये आमच्या आठवडे बाजाराच्या तोंडाशी एका बचत गटाच्या बायकांनी टेबल मांडलेलं होतं, तिथून मी ६० रुपयांना मांजरपाटाची, म्हणजे जाड्याभरड्या सुती कापडाची थैली घेतली. आता जुलै संपत आलाय. रोज नाही पण दोन दिवसाआड तरी ही थैली गाडीच्या हुकला लटकलेली असतेच, भाजीला, किराण्याला, जळगाव जिल्ह्यात रावेरकडे माहेरी जाऊन येताना. पहिल्या आठवड्यात कुठलीही थैली चांगलीच वाटते म्हणून तेव्हा काही लिहिलं नाही, आता लिहिते.

माप साधारण १६ इंच रुंद, १८ इंच उंच, बुडाला चार इंचाची पट्टी टाकलीय त्यामुळे खाली ठेवली तर उभी राहते, लवंडत नाही. बंद त्याच कापडाचे, दुहेरी दुमडलेले, आणि जिथे थैलीला जोडलेत तिथे चौकोनी शिलाई मारून मधे फुली घातलीय. मी ती फुली बघूनच घेतली, कारण ३० रुपयाच्या थैलीला बंद नुसता एका शिलाईवर टाचलेला असतो, तीन किलो कांदे-बटाटे टाकले की एक कोपरा उसवतो. हिच्यातून मी पाच किलो दादर ज्वारी, त्यावर दोन किलो गूळ आणि तेलाची एक लिटरची बाटली असं एकदम आणलंय आणि जिना चढून तिसऱ्या मजल्यावर नेलंय, फुलीचा एक टाका हलला नाही. बंद थोडे अजून रुंद हवे होते एवढं मात्र नक्की, वजन जास्त असलं की बोटांना काचतात.

पहिल्या धुण्यात आटली. जवळपास बोटभर कमी झाली उंचीला. मांजरपाट आटतोच, आमच्या आईच्या वेळी तो कापायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवायचे, तेवढं गटातल्या ताईंनी केलं असतं तर बरं झालं असतं, मी त्यांना सांगितलंय.

आता भरिताची वांगी. नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे आमच्याकडे घराघरात भरीत, बामणोद गावची हिरवी मोठी वांगी आली की चार किलोच्या खाली कोणी घेतच नाही. त्यांच्या देठाला काटे असतात. डिसेंबरात एकदा थैली घरी विसरले आणि दुकानातून ८ रुपयांची कागदी पिशवी घेऊन तिच्यात वांगी टाकली, तर घरी येईपर्यंत देठांनी तिला तीन ठिकाणी भोकं पाडली होती आणि खाली कांद्याच्या ओल्या पातीने बूडच भिजून सुटलं, वांगी रस्त्यावर. मांजरपाटात काटे अडकतात पण कापड फाटत नाही. माझा कागदी पिशवीवर राग नाही हं, रवा, साखर, ओवा, सुकं खोबरं, सगळं कागदाच्या पुडीत बांधून दोरा गुंडाळून देणारा आमचा किराणावाला आजही आहे आणि ते मला फार आवडतं. पण ओल्या भाजीला आणि पावसाळ्यात कागद उपयोगाचा नाही, आणि त्याचे पैसे घेऊन तो विकायचा म्हणजे गिऱ्हाईकाला फसवल्यासारखंच आहे.

पैशाचं निघालंच आहे तर हेही सांगते. शहरातल्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात फेब्रुवारीत गेले होते, आत जाताना माझी थैली दारावर जमा करून घेतली, टोकन दिलं. बिल करताना पोराने न विचारता दोन कुर्ते कागदी पिशवीत टाकले आणि बिलात १२ रुपये पिशवीचे लावले, पिशवीवर दुकानाची भलीमोठी जाहिरात. मी म्हटलं माझी थैली दारावर आहे, मला ही नको. तर म्हणे मॅडम बिल झालं, आता निघत नाही. मग मी त्याला शांतपणे सांगितलं की राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये बिग बाझारच्या केसमध्ये स्पष्ट म्हटलंय, पिशवीला पैसे लावणार असाल तर ते गिऱ्हाईकाला खरेदीच्या आधी कळलं पाहिजे, काउंटरवर आल्यावर सांगायचं ही अनुचित व्यापारी प्रथा होते. त्याच्या आधी २०१९ मध्ये चंदीगडच्या ग्राहक मंचाने ३ रुपयाच्या कागदी पिशवीपायी बाटाला ९ हजार भरायला लावले होते. मॅनेजर आले, १२ रुपये काढून बिल परत केलं. माझ्या मागे रांगेत चार जण होते, त्यातल्या एका काकांनीही लगेच पिशवी परत केली आणि कपडे हातात धरून गेले. पूर्वी केंद्राच्या २०१६ च्या नियमात प्लास्टिकच्या पिशवीला किंमत लावायचं कलम होतं, दुकानदार अजून तेच पुढे करतात, पण ते कलम २०१८ मध्येच काढून टाकलंय आणि ते कागदाला कधी नव्हतंच. बाराच रुपये, असं म्हणून सोडून देऊ नका.

दुसरी गोष्ट त्या रंगीत "कापडी" पिशव्यांची, जी मिठाईवाले आणि चपलांची दुकानं देतात, लाल-हिरवी, हाताला कापडासारखी लागते. ती कापड नाहीये. पॉलिप्रॉपिलीन आहे, प्लास्टिकच. सुताचा धागा जळला की राख होते, हिचा धागा वितळून टोकाला कडक गोळी होते. आमच्या रावेर-यावलकडे केळीच्या घडाला जी पांढरी स्कर्टिंग बॅग चढवतात ती याच जातीची, त्यामुळे शेतकऱ्याच्या घरातल्याला हे सांगावं लागत नाही, शहरातले मात्र इको-फ्रेंडली समजून घरात साठवतात. माझ्याकडे अशा सात-आठ होत्या, गॅलरीत खिळ्याला टांगलेल्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला जातो, त्या उन्हात महिनाभर राहिल्या आणि जूनमध्ये हात लावला तर चुरा झाला, हिरवा भुगा सगळ्या गॅलरीत, झाडूनही फरशीच्या फटीतून निघेना, शेवटी पाणी मारलं तर तो सगळा गटारात गेला याचं मला फार वाईट वाटलं. केंद्राच्या नियमात अशी पिशवी ६० जीएसएमपेक्षा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ६० ग्रॅम) पातळ चालत नाही, पण हातात घेऊन जीएसएम कोण ओळखणार? मांजरपाटाची थैली त्याच गॅलरीत, त्याच उन्हात वाळत होती. पिवळट होती ती पांढरी झाली, बस.

राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी येऊन बरीच वर्षं झाली, २३ मार्च २०१८ ला अधिसूचना निघाली आणि तीन महिन्यांची मुदत देऊन २३ जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिने कैद. मी ज्यांच्याकडून भाजी घेते त्या मावशी हातगाडीवर पोतं अंथरतात आणि पातळ पन्न्यांचा, म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा त्या पोत्याखाली ठेवतात. त्यांच्या गाडीवरची सगळी मेथी-शेपू विकली तरी ५ हजार होत नाहीत. एकदा मी म्हटलं, मावशी, का ठेवता मग, तर म्हणाल्या, "गिऱ्हाईक विचारतं ताई, थैली शे का, आणि नही म्हटलं तर बाजूच्या गाडीवर जातं." हे खरं आहे. मी स्वतः उभी असताना दहा मिनिटात पाच जण रिकाम्या हाताने आलेले बघितलेत, मोटरसायकलवर, ऑफिसमधून परस्पर. म्हणून मला वाटतं दंडाची पावती गाडीवाल्याच्या हातात देऊन हे होणार नाही, गिऱ्हाईकाच्या गाडीच्या डिकीत थैली पाहिजे, आणि ६० रुपयाची थैली त्याला परवडत नाही असं कोणी म्हणू नये.

या थैलीला न जमणाऱ्या गोष्टी पण सांगते. नंदुरबारहून वर्षाची सुकी मिरची आणली मार्चमध्ये, तिचा बारीक भुगा विणीतून बाहेर आला, बसमध्ये माझ्यासकट शेजारची बाई शिंकून बेजार, आणि थैलीला आतून लालसर झाक आली ती दोन धुण्यांनी गेली. मिरचीला आत जाड कागद किंवा जुनी साडी घालाच. केळीचा चीक लागला तर मात्र ती थैली कायमची डागाळली समजा, भावाने घरची दोन फण्या केळी दिली, ताजी कापलेली, चीक ठिबकत होता, ते तपकिरी डाग साबण, लिंबू, रॉकेल कशानेच निघाले नाहीत. आपल्या भागात विकायची थैली असेल तर गडद रंगाची पण शिवायला हवी.

आणि रस्सा. बंदीच्या नावाने सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, कारण शेवभाजीचं पार्सल म्हणजे उकळता रस्सा, वर बोटभर तर्री, आणि तो पातळ पन्नीत ओतून हवा भरून गाठ मारून देतात, शेव वेगळ्या पन्नीत, कांदा-लिंबू तिसऱ्या पन्नीत. हात लावला तर पन्नी मऊ पडलेली असते. तो रस्सा लेकरं खातात. म्हणून जानेवारीपासून मी थैलीत स्टीलचे दोन डबे कायमचे ठेवलेत, एक कडीचा, एक छोटा. पहिल्या वेळी हॉटेलवाले भाऊ गोंधळले, दोन प्लेटचं माप त्यांना पन्नीवरच माहीत होतं, कुठपर्यंत भरली की दोन प्लेट. मग त्यांनी वाटीने मोजून डब्यात टाकलं आणि डब्याला आतून किती पर्यंत आलं ते बोटाने बघून ठेवलं, आता डबा पुढे केला की काही बोलावं लागत नाही. दही पण तसंच. दुधाला मात्र मार्ग सापडला नाही, पिशवीचंच घ्यावं लागतं. २०१८ च्या नियमात दुधाच्या पिशवीचे ५० पैसे परत द्यायचे असं लिहिलंय, मला आजपर्यंत कुणी दिले नाहीत. निदान पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, तो चिमुकला तुकडा कचरा वेचणाऱ्या कुणाच्याच गोणीत जात नाही, सरळ नालीत जातो.

जूनमध्ये थैलीचा बुडाचा एक कोपरा झिजला, डबा सारखा तिथेच टेकतो म्हणून. त्याच टेबलावर घेऊन गेले. ताईंनी बसल्या जागी मशीनवर आतून जुन्या जीन्सचा तुकडा लावून दिला, १० रुपये घेतले, पाच मिनिटं पण लागली नाहीत. कुठल्या दुकानाने विकलेली पिशवी कधी दुरुस्त करून दिलीय मला आठवत नाही.

दुसरी थैली सांगून ठेवलीय, कापड आधी भिजवून घेतलेलं, गडद निळं, बंद दोन बोटं रुंद आणि आत एका बाजूला डबा उभा राहील असा कप्पा. कप्प्याचे १५ रुपये जास्त होतील म्हणाल्या, दिवाळीच्या आधी देतील.