साडेचार वर्षं शेडमध्ये पडून असलेली मोटरबोट घेतली, त्याला आठ महिने झाले

अठरा फुटी फायबरची बोट, मागे चाळीस हॉर्सपॉवरचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगायचं इंजिन), खाली ट्रेलर. दापोली तालुक्यातल्या एका आंब्याच्या बागेत पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. मालकाने पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला घेतलेली. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागलं तेव्हा वर चढवली ती पुन्हा पाण्यात उतरलीच नाही. पावणेतीन लाख मागितले, घासाघीस करून दोन लाख दहा हजारांवर आला. मी आधीच नव्या इंजिनाचा भाव विचारून आलो होतो, त्यामुळे हा सौदा म्हणजे लॉटरीच वाटली. ऑक्टोबर २०२४ मध्ये घेतली. त्यानंतर वर आणखी ९२ हजार गेले, ते कुठे कुठे गेले ते सांगतो.

मालकाचं पालुपद एकच, "इंजिन दीडशे तासांच्या वर चाललेलं नाही." खरंही असेल. पण मी तासांकडे बघत बसलो आणि वर्षांकडे बघितलंच नाही. पडून राहिलेल्या बोटीत लोखंड बहुतेक शाबूत असतं. जातं ते रबर, पेट्रोल आणि फायबरच्या आत दडलेलं लाकूड. यातलं एकही फोटोत दिसत नाही.

बघायला गेलो तेव्हा इंजिन पाण्याच्या पिंपात बुडवून चालू करून दाखवलं. सातव्या-आठव्या ओढीला लागलं, धूर निघाला, मी खूश. इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार मागच्या भोकातून येत होती, पण ती सलाइनच्या नळीसारखी. ही धार करंगळीएवढी आणि जोरात हवी, हे मला माहीत नव्हतं. वेलदूरच्या मेस्त्रीने खालचा भाग उघडला तेव्हा ते पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी चक्र हातावर ठेवलं. सगळ्या पाकळ्या एकाच बाजूला वाकून तशाच कडक झालेल्या, नखाने दाबलं तरी हलेनात. एक पाकळी अर्धी तुटलेली. मेस्त्री म्हणाला, "नवीन बसवतो, पण तुटलेला तुकडा सापडल्याशिवाय चालू करायची नाय." तो तुकडा पाण्याच्या वाटेत अडकला तर इंजिन तापून बसणार. दीड तास शोधून तो वरच्या थर्मोस्टॅटपाशी सापडला, मिठाच्या खड्यात रुतलेला. मुगाच्या दाण्याएवढा असेल. त्या दीड तासासाठी मी त्या माणसाला कायम चहा पाजायला तयार आहे.

गिअरच्या खोक्यातलं तेल दुधाच्या चहासारखं निघालं, म्हणजे आत पाणी. पंखा काढला तर दांड्याभोवती तंगूस (मासे धरायचा नायलॉनचा दोरा) गुंडाळलेला, त्यानेच सील कापलं होतं. टाकीतल्या पेट्रोलला रंगाच्या दुकानासारखा वास, कार्बोरेटरच्या जेटमध्ये पिवळट डिंक. नळ्या वाकवल्या की तडे दिसायचे. हे सगळं मिळून २७ हजार. यात तक्रार नाही, इतक्या वर्षांनी एवढं होणारच.

ट्रेलरचं मात्र हसू आलं. टायरवरची नक्षी नवीकोरी, पण बाजूला चार आकडे होते, २२१७. म्हणजे २०१७ सालच्या बाविसाव्या आठवड्यातला टायर. दाभोळला पोचायच्या चार किलोमीटर आधी एक फुटला आणि दुसऱ्या चाकाचं बेअरिंग जाम झालं. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने आलो, बोटीवर बोट! फेरीवरच्या खलाशाने विचारलं, "ही बुडाली काय?"

आता मुख्य दुखणं. इंजिन ज्या मागच्या फळीवर टांगलेलं असतं त्या फळीच्या आत प्लायवूड असतं, दोन्ही बाजूंनी फायबर. त्यावर सत्तरेक किलोचं इंजिन आणि वर त्याचा जोर. पहिले तीन महिने सगळं ठीक वाटलं. जानेवारीत वेग वाढवला की इंजिन किंचित मागे झुकल्यासारखं व्हायचं. मला वाटलं बोल्ट ढिले असतील, म्हणून आवळले. आवळले तर वॉशर फायबरमध्ये रुतले आणि कडेने केसासारखी चीर दिसली. आमच्या तात्यांनी हातोडीच्या दांड्याने फळी ठोकली. वरच्या कडेला टण टण, खाली येताना भद्द भद्द. सणात नारळ निवडतात तसं त्यांनी कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "काढ बोल्ट." खालचा बोल्ट काढला तर भोकातून तपकिरी पाणी गळायला लागलं, कुजक्या पेंढ्यासारखा वास. वाटीभर तरी निघालं. बोट आठवडाभर कोरड्यावर होती तेव्हा!

असं का झालं ते नंतर उलगडलं. जून २०२० च्या निसर्ग वादळात शेडचे पत्रे उडाले होते. मालक म्हणतो दुसऱ्या दिवशी बसवले, पण शेजारचा राखणदार म्हणतो गणपतीपर्यंत ताडपत्री होती. तेही चाललं असतं, पण बोटीचा मागचा भाग खाली कलंडलेला होता, आणि तळाचं बूच घट्ट लावलेलं. पाच पावसाळे. गळकं पाणी मागे साचायचं, जायला वाट नाही, मग ते बोल्टच्या भोकांतून लाकडात. (नाळ म्हणजे पुढचं टोक वर आणि मागचा भाग खाली अशीच बोट ठेवतात, पण बूच काढून. तेव्हा नुसतं बूच काढलं असतं तरी फळीवर गेलेले माझे ३४ हजार वाचले असते.) रत्नागिरीच्या फायबरच्या कारागिराने आतली कातडी कापून लाकूड खरवडून काढलं. अर्धं हाताने निघालं, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं. मरीन प्लायचे दोन थर चिकटवून वरून पुन्हा फायबर. १८ दिवस लागले, ऐन हंगामात.

कागदांचं थोडक्यात. नोंदणी जुन्या मालकाच्या नावावर, मुदत संपलेली, आणि कागदावरचा इंजिन नंबर इंजिनावरच्या नंबराशी जुळेना, कारण मधे कधीतरी इंजिन बदललेलं. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर बिनकागदाची होडी कोणी सहजासहजी सोडत नाही. विकणाऱ्याला सोबत घेऊन कार्यालयात गेलात तर एका फेरीत होईल ते मला पाच फेऱ्यांत झालं.

फेब्रुवारीतला एक प्रसंग अजून आठवतो. दुपारी दोननंतर, खारा वारा सुटलेला, ओहोटी जोरात, आम्ही अंजनवेलच्या टोकापाशी आणि इंजिन गचके खाऊन बंद. दाभोळ खाडीच्या तोंडाशी ओहोटी आणि वारा समोरासमोर आले की लाटा उभ्या राहतात. नांगर टाकला, तो धरेपर्यंत पोटात गोळा. पेट्रोल ओढायचा रबरी फुगा चपटा होऊन बसलेला. नळ्या नवीन घातल्या होत्या, फुगा जुनाच ठेवला होता. साडेचारशे रुपये वाचवले होते! तात्यांनी टाकीचं झाकण सैल केलं आणि धोपाव्यापर्यंत तो फुगा हाताने दाबत आणला. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

मार्चपासून मात्र बोट गुणी निघाली आहे. चार माणसांत, मध्यम वेगाला तासाला १२ लिटर पेट्रोल खाते, टू-स्ट्रोकची ही खोड जाणार नाही. लिटरला २० मिली तेल मी सिरिंजने मोजून घालतो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, ते ओल ओढतं, म्हणून लागेल तेवढंच आणतो आणि टाकीच्या पुढे पाणी वेगळं करणारा फिल्टर लावलाय. दर फेरीनंतर गोड्या पाण्यात दहा मिनिटं चालवायचं, मग पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत. पहाटे मतलई वारा असताना खाडीत वर गेलो की पाणी तेलासारखं असतं, काठाला मगरी पहुडलेल्या दिसतात. एप्रिलमध्ये बहिणीची मुलं आली होती, परत जायलाच तयार नव्हती.

पुन्हा अशी बोट घेईन का? घेईन, पण दीड लाखाच्या वर एक रुपया देणार नाही, आणि इंजिन खाली उतरवून फळी ठोकून बघितल्याशिवाय विसारही देणार नाही. विकणारा बोल्ट काढू देत नसेल तर तिथूनच परत फिरायचं.

मे संपताना बोट वर घेतली. नाळ दीड फूट उंच, वरून झाप शाकारलेत, बूच काढलंय. ते हरवू नये म्हणून इंजिन बंद करायच्या लाल दोरीला बांधलंय. ती दोरी लावल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, त्यामुळे नारळी पौर्णिमेनंतर बोट उतरवताना बूच आपोआप हातात येईल.