बिडे सीट बसवताना ‘महापालिकेची फी’ मागितली तर पैसे देऊ नका

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि कमोडवर बसून मागे हात नेणं तिला जमेना. म्हणून पुण्यात कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये विजेवर चालणारी, कोमट पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन देणारी बिडे सीट बसवायचं ठरवलं. एका एजन्सीचा माणूस घर बघायला आला. बोलायला गोड. म्हणाला, “ताई, सीटचे २८,००० होतील. पण बॅकफ्लो सर्टिफिकेट नसेल तर महापालिका बिडे लावू देत नाही. उद्या सोसायटीत कुणी तक्रार केली तर नळ तोडतील. त्या फीचे ४,५०० वेगळे.”

मी दिले. शिक्क्याचा कागदही मिळाला.

मी फसले, कारण त्याच्या बोलण्यात अर्धं खरं होतं. संडासातलं पाणी पिण्याच्या लाइनीत उलटं जाता कामा नये (बॅकफ्लो म्हणजे हेच उलटं जाणं), हे नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये आहेच. आमच्याकडे गच्चीवरच्या टाकीतून एकच पाइप सगळ्या मजल्यांना पाणी देतो. टाकी धुवायला रिकामी केली आणि खाली कुणी नळ सोडला, की वरच्या पाइपात ओढ बसते. त्या वेळी सीटच्या जेटचं, म्हणजे फवाऱ्याच्या नळीचं, तोंड भांड्यात बुडालेलं असेल आणि कॉक उघडा असेल, तर घाण पाणी लाइनीत खेचलं जातं. ते अडवायला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप, लागतो. साधा, अर्ध्या इंचाचा. बोहरी आळीत काही शे रुपयांत मिळतो.

तीन आठवड्यांत सीटखाली पाणी ठिबकू लागलं, खालच्या काकूंच्या छताला ओल आली. आमच्या नेहमीच्या प्लंबरदादांनी सीट उचलली. अँगल कॉकवर (भिंतीतल्या छोट्या नळावर) पितळेऐवजी क्रोमचा मुलामा दिलेला प्लॅस्टिकचा टी, म्हणजे पाणी दोन वाटांना फोडणारा जोड, होता, आणि तो तडकलेला. कागद वाचून ते म्हणाले, “ताई, यात व्हॉल्व्ह बसवला असं लिहिलंय. इथे तर काहीच नाही.”

महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात तो कागद दाखवला. घरातल्या कमोडला सीट लावायची अशी कुठलीही फी नाही आणि शिक्काही आमचा नाही, असं तिथे स्पष्ट सांगितलं. नियमाचं नाव घेऊन त्यानं कागद विकला, आणि नियम ज्यासाठी आहे तो व्हॉल्व्ह मात्र लावलाच नाही. याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

बाकीचंही तसंच. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. टाकीतलं पाणी कॉकपासून जेमतेम ३ मीटर उंच, म्हणजे दाब ०.३ बारच्या आसपास (१० मीटरला साधारण १ बार धरतात). सीटच्या माहितीपत्रकात किमान ०.७ बार छापलंय. हे त्याला आधी दिसत नव्हतं? फवारा येईना तेव्हा त्यानं ६,५०० चा बूस्टर पंप गळ्यात मारला.

वीज तर आरशावरच्या दिव्याच्या पॉइंटवरून घेतली होती, अर्थिंगशिवाय. ओल्या पायांनी माझी आई त्या सीटवर रोज बसत होती. इलेक्ट्रिशियननं आता वेगळी अर्थिंगची लाइन ओढून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलाय. कुणाकडे अशी सीट असेल तर एवढं आजच तपासून घ्या.

त्याचा फोन बंद आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पावती, तो कागद आणि तडकलेला टी जपून ठेवलाय. दादांनी पितळी टी आणि व्हॉल्व्ह बसवून दिला, कॉक बंद-चालू करून दोनदा दाखवला. मजुरीसकट ९०० रुपये घेतले.