सॅम ह्यूस्टन मेमोरियल म्युझियम, हंट्सविल: पुतळ्यापाशी फोटो काढून परत फिरू नका

ह्यूस्टनमध्ये राहून नऊ वर्षं झाली, दर फॉर्मवर पत्त्यात त्याचं नाव लिहितो, पण हा ह्यूस्टन कोण ते कधी विचारलंच नव्हतं. आई-बाबा आले आणि तिसऱ्याच दिवशी बाबांनी विचारलं, "अरे, गावाला ज्याचं नाव आहे तो माणूस कोण?" बोलतीच बंद. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे, त्यामुळे गूगल करून थाप मारण्यात अर्थ नव्हता. मग एका शनिवारी सगळे गाडीत कोंबून टेक्सासमधल्याच हंट्सविलला, त्याच्या गावी निघालो, सव्वा तासाचा रस्ता आहे.

आय-४५ महामार्गावर हंट्सविलच्या अलीकडे झाडांच्या वर डोकं काढून एक पांढराशुभ्र पुतळा उभा दिसतो, ६७ फुटी, खालचा चौथरा १० फुटांचा तो वेगळा. डेव्हिड अ‍ॅडिक्स नावाच्या शिल्पकाराचा, १९९४ पासून आहे. आमच्या ओळखीतले निम्मे लोक इथेच सेल्फी काढून डॅलसकडे निघून जातात. मला विचाराल तर पुतळा नुसता मोठा आहे, माणूस कळतो तो पुढे गावात, विद्यापीठाला लागून असलेल्या म्युझियममध्ये.

घुमटवाल्या मुख्य इमारतीत आधी त्याचं आयुष्य नीट समजून घ्या, नाहीतर बाहेरची घरं म्हणजे नुसती जुनी घरं वाटतील. आणि आयुष्य कसलं हो, टीव्ही सिरियलवाल्यांना दहा वर्षं पुरेल! जन्म १७९३, व्हर्जिनियातला. बाप गेल्यावर कुटुंब टेनेसीत आलं, तिथे दुकानात बसायचा कंटाळा आला म्हणून १६ व्या वर्षी घरातून पळून चेरोकी या मूळनिवासी लोकांत जाऊन राहिला तीनेक वर्षं, भाषा शिकला, त्यांच्या प्रमुखाने मुलासारखं सांभाळलं, नावही दिलं, अर्थ डोमकावळा. १८१४ ला हॉर्सशू बेंडच्या लढाईत मांडीत बाण आणि वर खांद्याला गोळ्या, ती बाणाची जखम म्हणे जन्मभर नीट भरलीच नाही. पण तिथला सेनापती, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॅक्सनच्या नजरेत भरला आणि गाडी सुटली, वकिली, काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद, १८२७ ला टेनेसीचा गव्हर्नर. (गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे बरं का, निवडून येतो, मुख्यमंत्रीच समजा.)

आणि मग १८२९. जानेवारीत एलायझा अ‍ॅलनशी लग्न, तीन महिन्यांच्या आत ती माहेरी, आणि याने थेट गव्हर्नरपद सोडलं. का, ते दोघांनीही शेवटपर्यंत सांगितलं नाही. इथे आईचं म्युझियम संपलं. तिला पुढच्या लढाईत काडीचा इंटरेस्ट नव्हता, "पण नक्की झालं काय होतं गं?" हे माझ्या बायकोला संध्याकाळपर्यंत चार वेळा विचारून झालं. तो परत चेरोकींकडे गेला आणि इतका प्यायला लागला की त्यांनीच त्याला दारुड्या म्हणून नाव पाडलं.

तिथून हा माणूस टेक्सासला येतो, टेक्सास तेव्हा मेक्सिकोपासून वेगळं व्हायला लढत होतं, आणि २१ एप्रिल १८३६ ला सॅन जॅसिंटोला मेक्सिकोचा सेनापती सांता आना याला १८ मिनिटांत हरवतो. त्याआधी कितीतरी दिवस तो नुसता मागे मागे हटत होता, स्वतःचेच सैनिक चिडले होते. बाबा लगेच "गनिमी कावा!" म्हणाले. मी म्हटलं, अहो बाबा, उघड्या माळावर दुपारी साडेचारला, समोरचे विश्रांती घेत होते तेव्हा. बाबा म्हणाले, मग तेच ते. त्या लढाईत ह्यूस्टनच्या घोट्यात गोळी लागली ती वेगळीच. पुढे टेक्सास प्रजासत्ताकाचा दोनदा अध्यक्ष, टेक्सास अमेरिकेत गेल्यावर १८४६ ते १८५९ सिनेटर. दोन राज्यांत गव्हर्नर म्हणून निवडून आलेला माणूस अमेरिकेत हा एकच.

बाहेर वुडलँड नावाचं त्याचं घर आहे, सिनेटर असतानाचं. मधून आरपार मोकळी जागा आणि दोन बाजूंना खोल्या, वारा खेळायला. टेक्सासच्या उकाड्यात यापेक्षा हुशार एसी नाही. १८५७ ला टेक्सासच्या गव्हर्नरची निवडणूक हरल्यावर कर्जापायी हे घर विकावं लागलं. आपल्याकडे माजी आमदाराचं घर विकलेलं कोणी ऐकलंय का?

पण खरं बघायचं ते स्टीमबोट हाऊस. अरुंद, उंच, समोरून चढत जाणारा जिना, दिसायला खरंच आगबोटीसारखं, आणि भाड्याचं. १८५९ ला तो टेक्सासचा गव्हर्नर म्हणून निवडून आला, पण १८६१ मध्ये गुलामीच्या वादात टेक्सास अमेरिकेतून फुटून निघालं तेव्हा फुटलेल्या राज्यांच्या नव्या सरकारची शपथ घ्यायला नकार दिला. तीनदा नाव पुकारलं आणि हा म्हणे विधानभवनाच्या तळघरात लाकूड तासत बसला होता. पद गेलं. अमेरिकेचा अध्यक्ष लिंकनने सैन्य देऊ केलं, तेही घेतलं नाही, रक्तपात नको म्हणून. या स्टीमबोट हाऊसमध्येच २६ जुलै १८६३ ला वारला, तेव्हा थोरला मुलगा त्याच बंडखोर सैन्यात लढून जखमी होऊन आलेला होता. शेवटचे शब्द टेक्सास आणि बायकोचं नाव, मार्गारेट.

त्याला देव करायची गरज नाही. गुलामी नव्या प्रदेशात पसरवणाऱ्या १८५४ च्या कायद्याविरुद्ध त्याने मत दिलं हे खरं, पण स्वतःच्या घरी गुलाम होतेच. म्हणून गावातल्या ओकवुड स्मशानभूमीत जाच, त्याच्या कबरीसाठी आणि जोशुआ ह्यूस्टनच्याही. हा त्याचाच गुलाम, लोहारकाम करायचा. मालक गेल्यावर जोशुआने स्वतः साठवलेलं सोनं मार्गारेटला देऊ केलं असं सांगतात, तिने घेतलं नाही, मुलांना शिकव म्हणाली. पुढे तोच काउंटीचा निवडून आलेला कमिशनर झाला. बाबा तिथे पुतळ्यापेक्षा जास्त वेळ उभे होते.

रेटिंग साडेचार. अर्धा कापला तो आमच्या ऑगस्टमध्ये जायच्या अकलेसाठी, नोव्हेंबर-फेब्रुवारीत जा. तीन तास ठेवा, पाणी आणि डासांचा स्प्रे न्या, आणि घरून दशम्या नाहीतर पराठे बांधून न्या, आम्ही रस्त्यात एका ठिकाणी व्हेज सँडविच सांगितलं तर दोन पावांत नुसता टोमॅटो आला.